ओडेगार्ड नको!

"चौथं कॉलेज! चार वर्षांत चौथं!"

मर्ल क्लिंगामनने काटा बशीत असा आपटला, की ग्रेव्हीचा एक शिंतोडा शेजारी बसलेल्या गस पेट्रॉफच्या बाहीवर उडाला. गसने तो शांतपणे बोटावर घेतला आणि चाटून टाकला. बर्निसच्या हॉटेलातली ग्रेव्ही वाया घालवणाऱ्यांपैकी तो नव्हता.

"आमच्या घरात झाडू याहून जास्त टिकतो," मर्ल म्हणाला. "आणि या असल्या फिरत्या भोवऱ्याला आपण गार्ड म्हणून आणायचं? आपल्या एल्डन कॉलेजात? उद्या पाचवं कॉलेज बोलावेल, तेव्हा हा जाताना दाराची कडी तरी लावून जाईल का?"

"चेंडू आत टाकतो ना? मग कडी तू लाव," गस म्हणाला.

एल्डन फोर्क गावात त्या वसंतात दुसरा विषयच नव्हता. सोयाबीनची पेरणी तोंडावर आली होती, पुलाचं काम रखडलं होतं, चर्चचं छत गळत होतं. पण माणसं बोलत होती ती गार्डबद्दल. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला गावात सगळे लाडाने 'बगळे' म्हणत, आणि बगळ्यांचा गार्ड शिकून बाहेर पडला होता. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारा, बाकीच्यांना खेळवणारा गडी. तो नसला की उरलेले चार उंच इसम वाढपी न आलेल्या पंगतीसारखे नुसते हात पसरून उभे राहतात.

कोच ब्रॅनमची नजर मिनेसोटाच्या ब्रेक ओडेगार्ड नावाच्या पोरावर होती. मर्लचं म्हणणं, गावातला वेड रेन्सबर्गर काय मेला आहे? डुकरांचं खाद्य विकणाऱ्या रेन्सबर्गरचा हा मुलगा पाचवीत असल्यापासून मर्लने त्याचा एक सामना चुकवला नव्हता. स्वतःच्या मुलीच्या पियानोवादनाचे कार्यक्रम बरेच चुकवले होते, पण ते वेगळं.

"वेड बुटका आहे," गस म्हणाला.

"बुटका नाही. जमिनीशी इमान राखून आहे!"

यावर बर्निस कॉफी ओतता ओतता हसली. मर्ल आयुष्यभर काउंटीच्या घरपट्टी खात्यात होता; गावातल्या निम्म्या घरांची मापं त्याने स्वतः काढली होती. अशा माणसाच्या मतावर एका कॉफी ओतणाऱ्या बाईने हसावं, याचा त्याला भयंकर अपमान वाटला. त्याने टोपी उचलली आणि तडक कॉलेजात कोचला भेटायला गेला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की कोच चाहत्यांना भेटत नाहीत, पण सूचनांचं मनापासून स्वागत आहे.

"मग सूचना कुठे द्यायची?"

"स्वागत आहे एवढंच मला सांगायला सांगितलंय, सर."

घरी येईपर्यंत मर्लच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याने कपाटातून चादर काढली, गॅरेजमधून तांबड्या रंगाचा डबा काढला आणि अंगणात चादर पसरून लिहायला बसला: ओडेगार्ड नको, रेन्सबर्गर हवा.

कुंपणापलीकडून गसचं डोकं वर आलं. गस निवृत्त दंतवैद्य. वाकडं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायला लागत.

"तुझा 'ओ' बघ कसा झालाय. दाढ उपटल्यावर भोक पडावं तसा."

"तू ओडेगार्डच्या बाजूचा ना? मग तुला काय करायचंय?"

"बाजू गेली खड्ड्यात. विरोध करायचा तर सरळ अक्षरांत कर. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल, आमच्या गल्लीत अडाणी लोक राहतात."

शेवटी कुंपण ओलांडून गसनेच सगळी अक्षरं पुन्हा काढली. स्वतःच्या मताविरुद्ध इतक्या देखण्या हस्ताक्षरात लिहिणारा माणूस मर्लने पहिल्यांदाच पाहिला. काम पुरं होतंय तोवर मर्लची बायको डोरीन बाहेर आली, आणि तिने चादरीचा कोपरा उचलून पाहिला.

"ही पाहुण्यांची चादर आहे, मर्ल."

"पाहुणे कुठे येतात आपल्याकडे?"

"आता तर नाहीच येणार," डोरीन म्हणाली आणि आत गेली.

चादर घरासमोर दोन खांबांना टांगली. दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेचा डेल पफ दारात हजर! हा डेल मर्लच्याच हाताखाली फीत धरायला शिकलेला. मोजायच्या फितीचं टोक कुठे टेकवायचं, हे त्याला मर्लने सांगितलं होतं. आणि आज तोच डेल, तीच फीत घेऊन मर्लची चादर मोजत होता.

"सर, मोठी भरतेय. निवासी भागात एवढा फलक चालत नाही."

"फलक? ही चादर आहे, डेल!"

"तिच्यावर मजकूर आहे ना सर. मजकूर आला की फलक झाला."

"आणि समोर त्या बाईने प्लॅस्टिकचे बगळे उभे केलेत ते?"

"त्यांच्यावर मजकूर नाही सर." मग डेल आवाज उतरवून म्हणाला, "गाडीला लावलेला मजकूर मात्र फलकात धरत नाहीत. म्हणजे मी काही सुचवत नाहीये."

मर्लकडे एक जुनी कॅम्पर गाडी होती. आत दोन बाकडी, एक शेगडी. डोरीनला घेऊन देश पाहायचा म्हणून घेतलेली, आणि देशाच्या बाबतीत ती शेजारच्या काउंटीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. त्याच दुपारी चादर कॅम्परच्या अंगाला चढली. बर्निसच्या हॉटेलात पक्की बातमी आली होती, की शनिवारी ओडेगार्ड कॉलेज बघायला येतोय. आईला घेऊन येतोय, कॉलेजच्या पाहुणेघरात उतरतोय. मर्लने ठरवलं, शनिवारी सकाळी पाहुणेघरावरून गाडी हळूहळू न्यायची. भांडण नाही, शिवी नाही. नुसती न्यायची, परत आणायची. लोकशाही आहे.

गाडी हळू तर गेलीच. पाहुणेघराच्या फाटकासमोर आली तेव्हा तिने एक सुस्कारा टाकला, आणि रस्त्याच्या मधोमध बसकण मारली.

मर्लने चावी फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. खोकणंही बंद. मागे दूधवाल्याचा ट्रक उभा राहिला, त्याच्यामागे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला ओडेगार्डच्या बाजूचा निघाला आणि चादर वाचून त्याने जो भोंगा दाबला तो सोडेचना. मर्ल खाली उतरून, तोंड लाल करून, एकटाच गाडी ढकलू लागला. गाडी त्याच्याकडे लक्षही देत नव्हती.

"सर, तुम्ही आत बसा. चाक सांभाळा. मी ढकलतो."

फाटकातून एक पोरगा आणि त्याची आई बाहेर आली होती. पोरगा चांगला उंच, पण त्या गावात उंच पोरांचं कौतुक नाही. वसंतात कितीतरी आयाबाप मुलांना घेऊन कॉलेज बघायला येतात. मर्लला वाटलं, त्यांच्यातलेच कुणीतरी. पोराने चादर एकदा वाचली, आईने दोनदा वाचली. मग दोघांनी गाडीच्या पाठीला खांदा लावला. आई अंगाने चांगली दणकट होती. गाडी मुकाट्याने कडेला गेली.

मर्लचा जीव भांड्यात पडला. आता उपकार ठेवून घेणं क्लिंगामनांच्या रक्तात नाही. "जेवल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला," तो म्हणाला, आणि दोघांना चालत बर्निसकडे घेऊन गेला. तीन टेंडरलॉइन सँडविच मागवली. पावाच्या चारी बाजूंनी बाहेर लोंबणारा तो डुकराच्या मांसाचा भला मोठा तळलेला तुकडा पाहून पोराचे डोळे चमकले.

"हा ओडेगार्ड म्हणजे कोण?" आईने विचारलं.

झालं! पुढचा सगळा वेळ मर्ल बोलला आणि ती दोघं जेवली. कॉलेजं कशी बदलली, निष्ठा म्हणजे काय, जुन्या काळी गार्ड कसे असत, सगळं झालं. बर्निस मागून डोळ्यांनी खाणाखुणा करत होती. मर्लला वाटलं, ती लोणच्याचं विचारतेय. त्याने हातानेच नको म्हटलं.

"कॉलेजं का बदलली असतील, याचा विचार केलाय कुणी?" आई म्हणाली. "समजा, पहिल्या ठिकाणी ज्या कोचने बोलावलं तोच नोकरी सोडून गेला. दुसऱ्या कॉलेजने संघच बंद केला. तिसऱ्याने हा असताना आणखी दोन गार्ड आणून बसवले. मग पोराने काय करायचं? कोपऱ्यात बसून निष्ठा राखायची?"

"बाई, कारणं सगळ्यांकडे असतात," मर्ल म्हणाला.

"आणि खेळात काय वाईट आहे त्याच्या?" पोराने विचारलं. तो खाणं थांबवून ऐकत होता.

मर्लने ओडेगार्डचा फोटो कधी पाहिला नव्हता. आकडे मात्र रोज पाहिले होते, आणि आकड्यांवरून माणूस ओळखता येतो अशी त्याची नोकरीतली श्रद्धा होती. "सांगतो. जिंकत असला की सगळ्यांना पास देतो. हरायला लागला, की कुणावर भरवसा नाही. सगळं स्वतःच करायला जातो. शेवटच्या मिनिटांत त्याच्या हातून चेंडू जातो तो त्यामुळे. घाबरट आहे तो. गर्विष्ठ नाही, घाबरट!"

पोराने सँडविच बशीत खाली ठेवलं. "हं," तो म्हणाला. "खरंय ते."

"काय खरंय?" आई म्हणाली, आणि तिने पोराला टेबलाखालून लाथ मारली असावी, कारण टेबलावरच्या बरण्या हलल्या.

निघताना पोराने मर्लचा हात हातात घेतला. "सँडविचबद्दल आभार, सर. बाकीच्याबद्दलही." इतका सभ्य मुलगा मर्लने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. रात्री तो डोरीनला म्हणालाही, की असली पोरं पाहिली की देशाबद्दल आशा वाटते.

सोमवारी दारावर टकटक झाली. दारात राखाडी कोट घातलेल्या एक बाई. "वांडा ट्रूब्लड. एल्डन कॉलेज, नियमपालन विभाग. मिस्टर क्लिंगामन, शनिवारी तुम्ही ब्रेक ओडेगार्डला जेवू घातलंत का?"

"मी?" मर्ल हसलाच. "त्याला मी पाणी विचारणार नाही!"

बाईंनी फोन पुढे केला. बर्निसच्या हॉटेलात कुणीतरी काढलेला फोटो. सँडविचच्या मागे मर्ल, हात वर करून बोलताना. समोर तो सभ्य मुलगा. खाली कुणीतरी लिहिलं होतं: आमच्या मर्लने ओडेगार्डला पटवला!

मर्ल दारातल्या पायरीवरच बसला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो. इथे मारुतीचीही शेपटी मर्लच्या गळ्याला लागली होती. नियम असा, की कॉलेजच्या हितचिंतकाने येऊ घातलेल्या खेळाडूला भेटायचं नाही, भेट द्यायची नाही, खाऊ-पिऊ घालायचं नाही. जिमच्या नव्या खुर्च्यांना मर्लने कधीकाळी वर्गणी दिली होती, त्यामुळे तो कायद्याने हितचिंतक! मन काहीही चिंतत असलं तरी. बाई म्हणाल्या, प्रकरण सिद्ध झालं तर त्या मुलाचं खेळणंही अडकू शकतं.

चौकशीला मर्ल लग्नातला कोट घालून गेला. टेबलाच्या एका बाजूला ट्रूब्लडबाई, दुसऱ्या बाजूला कोच ब्रॅनम. ज्याच्या भेटीसाठी मर्ल दारातून परत फिरला होता, तो आता हातभर अंतरावर बसून त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता.

"मी त्याला फूस लावली नाही," मर्ल कडाडला. "मी त्याच्या विरुद्ध आहे! त्याच्यासमोर बसून मी त्याची लाज काढली!"

"काय म्हणालात नेमकं?"

"भोवरा म्हणालो. घाबरट म्हणालो. झाडूवरून बोललो."

"झाडू?" कोचने विचारलं.

"झाडू त्याच्याहून जास्त टिकतो, असं."

"म्हणजे कॉलेजने ज्याला बोलावलं, त्याचा तुम्ही अपमान केलात," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"मनसोक्त केला! लिहून घ्या!"

"मिस्टर क्लिंगामन, अपमानाला नियमात कलम नाही. सँडविचला आहे."

उभ्या जन्मात मर्लने कुणाची लाच घेतली नव्हती. घरपट्टी कमी लावावी म्हणून लोकांनी मक्याची कणसं आणून दिली, तर तीही परत केली होती. आणि आज त्याच्यावर लाच दिल्याचा आरोप, तोही नको असलेल्या माणसाला आणण्यासाठी! पण त्याला एक गोष्ट त्याहून जास्त खुपत होती. पोरगा. ज्याने गाडी ढकलली, ज्याने "खरंय ते" म्हटलं, त्याचं चौथं कॉलेजही आता एका तळलेल्या तुकड्यावरून जाणार होतं.

"त्याची चूक नाही," तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला. "त्याला मी नाव विचारलं नाही. बोलूच दिलं नाही त्याला. जेवण मी लादलं. काय ती शिक्षा मला करा."

कोच ब्रॅनमने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

निकाल असा लागला: ओडेगार्डने सँडविचची किंमत धर्मादाय संस्थेला द्यावी, की तो मोकळा. आणि मर्ल क्लिंगामनचे कॉलेजशी असलेले संबंध नाताळापर्यंत तोडण्यात येत आहेत. त्याने जिममध्ये पाऊल ठेवू नये. पुन्हा असं काही घडल्यास कायमचं.

गावात शोभा झाली ती वेगळीच. ओडेगार्डच्या बाजूचे लोक रस्त्यात थांबवून पाठीवर थाप मारू लागले. "छुपा रुस्तम निघालास की रे!" मर्लच्या स्वतःच्या बाजूचे लोक त्याला पाहून बर्निसच्या हॉटेलात टेबल बदलू लागले. त्यांच्यातल्या एकाने तर तोंडावर सांगितलं, की चादर म्हणजे सगळा देखावा होता. मर्ल शपथेवर सांगू लागला. जितका सांगू लागला तितकं लोकांना पटत गेलं, की काहीतरी आहे.

निदान वेडने तरी समजून घ्यावं म्हणून मर्ल त्याच्या बापाच्या दुकानात गेला. वेड खाद्याची पोती रचत होता.

"काका, तुम्ही चादर लावलीत तेव्हाच मी सांगणार होतो," वेड कानकोंडा होऊन म्हणाला. "मला नाही खेळायचं कॉलेजात. गुरांचा डॉक्टर व्हायचंय. पण तुम्ही सगळीकडे इतके येऊन बसायचात, की सांगवेना."

"इतकी वर्षं?"

"तुम्ही खुश दिसायचात."

मर्ल गाडीत येऊन बसला आणि त्याला कुणावर चिडावं हेच कळेना. हे त्याच्या आयुष्यात क्वचित घडत असे.

पुढच्या आठवड्यात ओडेगार्डने एल्डन कॉलेजला होकार कळवला. त्याच्या आईचा मर्लला फोन आला, आणि ती अगदी सरळ बोलली. "तीन कॉलेजांत माझ्या मुलाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारेच भेटले, आणि तिघांनीही खालून झाड काढून घेतलं. तुमच्या गावात निदान जे बोलायचं ते चादरीवर लिहितात. म्हटलं, इथे फसवणूक व्हायची नाही. तुम्ही लक्ष ठेवा त्याच्यावर."

"बाई, मला त्याच्या आसपास फिरकायला बंदी आहे!"

"लांबून ठेवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हिवाळा सुरू झाला. सामने सुरू झाले. मर्ल घरी बसून ऐकायचा आणि डोरीनला ऐकवायचा. ओडेगार्ड बरा खेळत होता. कधी फार चांगला, कधी अंगावर काटा येईल असा वाईट. बगळे कधी नव्हे ते निम्म्याहून जास्त सामने जिंकत होते. "चुकून," मर्ल म्हणायचा. मग रेडिओचा आवाज वाढवायचा.

नाताळ उलटला, आणि बंदी उठल्यावरच्या पहिल्याच सामन्याला मर्ल आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसला. शेजारी गस. मागच्या रांगेत पॉपकॉर्नचा पुडा घेऊन ट्रूब्लडबाई. तो योगायोग नव्हता, हे मर्लला ठाऊक होतं.

सामना अटीतटीचा झाला. शेवटचे काही क्षण, बगळे एका गुणाने मागे, चेंडू ओडेगार्डकडे. समोर तिघे धावून आले. सगळं जिम ओरडत होतं, मार, मार! ओडेगार्डने उडी घेतली, आणि हवेत असताना चेंडू कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या मॅथीज नावाच्या पोराकडे दिला. मॅथीजला यंदा कुणी पासच दिला नव्हता. त्याने तो झेलला, जिवाच्या आकांताने फेकला, आणि चेंडू कड्यावर दोनदा नाचून बाहेर पडला. भोंगा वाजला. बगळे हरले.

मग गस उठला. हाच गस, ज्याने वसंतात ओडेगार्डसाठी मर्लशी भांडण मांडलं होतं!

"हा कसला गार्ड?" गस गरजला. "शेवटचा चेंडू त्या ठोंब्याला? घाबरट लेकाचा! परत पाठवा याला!"

आजूबाजूचे चारपाच जण हो हो म्हणाले. खाली ओडेगार्ड मॅथीजच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. त्याने मान वर करून पाहिलं.

मर्लच्या डोक्यात तिडीक गेली. अशी, की आजवरच्या सगळ्या तिडिकी तिच्यापुढे सर्दी-पडशासारख्या वाटाव्यात.

"घाबरट? भरवसा टाकला त्याने, गस! तीन जण अंगावर आले असताना दुसऱ्यावर भरवसा टाकला! आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलंस, खेळ कधी बघितलास?"

"तू कशाला एवढा पेटतोस? तुला तर नको होता तो."

"मीच आणलाय त्याला!"

आवाज थोडा मोठा झाला असावा. दोन रांगा वळून बघू लागल्या. मागे ट्रूब्लडबाईंनी पॉपकॉर्नचा पुडा खाली ठेवला.

"मिस्टर क्लिंगामन," त्या वाकून हळूच म्हणाल्या, "हे मी ऐकलेलं नाही. पण पुन्हा म्हणालात, तर मला ऐकावं लागेल."

मर्लने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. एकदा गसकडे. मग कोटाची बटणं लावली, खुर्चीवर चढून उभा राहिला, आणि जिमच्या पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात तेच पुन्हा म्हणाला.